अनंत चतुर्दशीची मुलाखत

या, असे पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकून बसलेल्याला कथा ऐकू येते, पण लागत नाही, असं आमचे आप्पा म्हणतात. आप्पा म्हणजे माझे वडील, नंदगडचे मारुतीराव. आयुष्यभर कीर्तनात बुवांच्या मागं टाळ धरून उभे राहिले. त्यांच्या पायाशी पेंगत पेंगतच मी लहानपणी निम्म्या कथा ऐकल्या. आज सांगते ती मात्र कुठल्या पोथीतली नाही. माझीच आहे. आधी थोडी हसवेल, आणि मग... मग काय होतं ते बघा. विठ्ठलाचं नाव घ्या आणि ऐका.

श्रावणातली भुरभुर होती. बेळगावच्या कॅम्पात, एका चहाच्या टपरीच्या ताडपत्रीखाली मी स्कूटी घेऊन उभी होते. हेल्मेट डोक्यावर तसंच, आणि हेल्मेटच्या आत मी फ्रेंचमध्ये स्वतःची ओळख करून देत होते. माझं नाव दिपाली. मी मच्छेच्या कारखान्यात विमानाचे सुटे भाग तपासते... पुन्हा एकदा. माझं नाव दिपाली...

"ओ मॅडम," शेजारून आवाज आला, "हेल्मेट काढून बोला की. आतल्या आत शिव्या द्यालाय म्हणून टपरीवाला भ्यालाय."

मी वळून पाहिलं. तिशीतला उंच, सडपातळ माणूस. हातात छत्री होती, पण उघडलेली नव्हती. चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि ते पुसायचंही भान नाही.

"शिव्या न्हाईत त्या," मी हेल्मेट काढत म्हणाले. "फ्रेंच आहे."

"ते कळलं मला." आणि तो फ्रेंचमध्ये बोलायला लागला — सहज, हळू, पाणी ओतावं तसा. मला त्यातलं निम्मंच कळलं. उरलेलं निम्मं मी त्याच्या डोळ्यांतून वाचायचा प्रयत्न केला... आणि तिथंच चुकलं, असं आता वाटतं.

तो निपाणीचा सन्मती. पुण्यात राहून फ्रेंच शिकलेला. आता घरी बसून कंपन्यांची भाषांतरं करायचा. त्याच्या आईच्या, राजमतीकाकूंच्या, किडन्या गेल्या होत्या. डॉक्टर बेळगावात, म्हणून आठवड्यातून दोनदा तो त्यांना गाडीतून डायलिसिसला घेऊन यायचा. काकू आत मशीनवर असायच्या, तेवढा वेळ हा कॅम्पात रिकामा फिरायचा.

आणि माझं म्हणाल, तर तुलूझ म्हणून फ्रान्सात एक शहर आहे, तिथं विमानं बनतात. तिथल्या एका कारखान्यात तपासनिसाची जागा होती. काम माझंच, रोजचं. पण तिथली कारागीर मंडळी फ्रेंचशिवाय बोलत नाहीत, म्हणून मुलाखतही फ्रेंचमध्ये. वर्षभर मी मोबाईलवरून शिकत होते. नंदगडच्या आमच्या घरातून जिल्ह्याबाहेर नोकरीला गेलेलं तोवर कुणी नव्हतं. मला जायचं होतं. लई जायचं होतं.

"मी शिकवतो," तो म्हणाला. "आई आत असते तेवढ्या वेळात. चालेल?"

"फी काय घेणार?"

त्यानं जरा विचार केला. "मघाशी तुम्ही फोनवर कुणाला तरी सांगत होता, काल कीर्तनात रडू आलं म्हणून. मी जन्मात कीर्तन ऐकलं न्हाय. दर वेळी एक कथा सांगायची. हीच फी."

"फोनवरचं पण ऐकत होता व्हय?"

"ताडपत्री लहान आहे, मॅडम."

अशी आमची शाळा सुरू झाली. दवाखान्याच्या आवारात एक जुनं गोरखचिंचेचं झाड आहे, त्याच्याखाली सिमेंटचा बाक. तो साहेब व्हायचा, मी उमेदवार. मी घडाघडा बोलायची. तो ऐकता ऐकता जांभई द्यायचा.

"जांभई काय देता?"

"तिथले साहेब पण देतील. हे पाठांतर आहे. फी द्या आता, मला जाग येऊ दे."

मग मी कथा सांगायची. एकदा अशीच एका माळ्याची सांगितली. देवासाठी फुलं तोडताना त्याला वाटेत तहानलेला वाटसरू भेटतो, आणि पूजेची वेळ टळते. सांगता सांगता मी उठून उभी कधी राहिले, कळलं नाही. तो चहा प्यायचा विसरला. त्यात झाडाचं पान पडलं तरी त्याला पत्ता नाही.

"आता कशी बोललीस!" तो एकदम म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदा 'तू' म्हणाला. "हेच फ्रेंचमध्ये कर की. कसं करतात तुमचे बुवा?"

मी सांगितलं. बुवा आधी अभंगाचा एक चरण धरतात. मग कथा सांगत लांब जातात... इतके लांब, की वाटतं, हे आता हरवले. आणि नेमकं त्याच वेळी फिरून चरणावर येतात. टाळ वाजतो, लोकांच्या अंगावर काटा येतो.

"मग साहेबानं प्रश्न विचारला की पहिलं वाक्य हा चरण. नंतर तुझ्या कामातली एखादी गोष्ट. आणि परत चरणावर. टाळ मी वाजवतो."

आणि खरंच, मी बोलायला लागले की तो किल्ल्यांचा जुडगा स्टीलच्या डब्यावर वाजवायचा. मी फार लांब भरकटले की टण्ण! येणारेजाणारे पेशंट बघत राहायचे. वॉचमन भावकूमामा म्हणायचे, "सन्मतीअण्णा, दवाखाना आहे हा, देऊळ न्हाय!"

"मामा, तुम्ही पण टाळ्या धरा की," सन्मती म्हणायचा.

पण एक गोष्ट काही केल्या माझ्या जिभेवरून जाईना. तो शेवटचा प्रश्न विचारायचा, "निवड झाली तर नक्की याल?" आणि मी म्हणायची, "देवाच्या मनात असेल तर."

"अगं, देव त्यांच्या कमिटीत न्हाय!"

"मग काय म्हणू? सरळ हो म्हटलं की गर्व होतो. आमचे आप्पा बाजाराला निघाले तरी म्हणतात, त्यानं नेलं तर जाईन."

"आप्पांना मुलाखतीला बसवू नको मग." तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "दिपाली, त्यांच्याकडं असं बोललं की त्यांना वाटतं, हिचं मन इथं न्हाय. हिला कुणीतरी मागं ओढालंय. सरळ हो म्हणायचं. उई. एवढासा शब्द आहे."

"तुझं बरं आहे. तुला कुठं जायचंय?"

तो चष्मा काढून पुसत बसला.

काकू मशीनवरून बाहेर आल्या की पिळून काढल्यासारख्या दिसायच्या. मी त्यांचा हात धरून गाडीपर्यंत न्यायची. त्या मला 'मगळे' म्हणायच्या, कानडीत लेकीला म्हणतात तसं. सूर्य बुडायच्या आत जेवायचं म्हणून सन्मती गाडीतच डबा उघडायचा, आणि काकू त्यांच्या भाकरीतला तुकडा आधी माझ्या हातावर ठेवायच्या.

मी मच्छेला नागूआत्याकडं राहायची. एक दिवस आत्यानं माझ्या डब्यातले पोहे चाखून बघितले आणि माझ्याकडं टक लावून पाहिलं.

"कांदा न्हाय घातलास?"

"विसरले."

"आठवडाभर विसरालीस? लसूण पण दिसंना चटणीत. कुठल्या जैनाच्या पोराचा गुण लागलाय गं तुला?"

मी पाण्याचा तांब्या घ्यायला आत पळाले. बाहेरून आत्याचा आवाज आला, आता हसू नव्हतं त्यात. "पोरी, तू तिकडं जाणार, त्यो हितं ऱ्हाणार. कांदा खाऊन घे बाई."

मला तोवर कळलंच नव्हतं. आत्यानं सांगितलं तेव्हा कळलं... आणि मग दुसरं काही सुचेना.

मुलाखतीची तारीख आली ती नेमकी अनंत चतुर्दशीची, संध्याकाळी. गणपती विसर्जन! आमच्या गल्लीत त्या दिवशी शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला ऐकू येत नाही, तिथं तुलूझचं काय ऐकू येणार? सन्मती म्हणाला, "निपाणीला ये. गावाबाहेर आमची तंबाखूची जुनी वखार आहे, रिकामीच असते. भिंती हातभर जाड. मी तिथंच बसून काम करतो, इंटरनेट चांगलं आहे."

आदल्या दिवशी काकूंची डायलिसिसची पाळी होती. शेवटचा सराव. भुरभुर चालूच. आज त्यानं छत्री उघडली होती, दोघांवर. म्हणजे निम्मी माझ्यावर आणि निम्मी माझ्या बॅगेवर. तो भिजत होता.

"सन्मती... एक विचारू? मराठीत?"

"विचार की."

"मी जाऊ नको, असं तुला..." छत्रीवरून पाणी ठिबकत होतं. "तू एकदा थांब म्हण. एकदाच. मी मुलाखत देत न्हाय. इथंच राहते. मच्छेला माझी नोकरी आहे, काकूंना मी..."

त्या एका क्षणात त्याच्या तोंडावर काय काय येऊन गेलं! मला वाटलं, आता बोलेल. ओठ उघडलेसुद्धा.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

एवढंच. पण मी त्या 'उद्या'वर सगळी रात्र काढली. आप्पांना फोन करून म्हणाले, "आप्पा, उद्या माझ्यासाठी काकडा म्हणा." ते म्हणाले, "मुलाखतीसाठी व्हय गं?" मी म्हणाले, "व्हय, त्याच्यासाठीच." खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारीच निपाणीला पोचले. दारात काकू बसल्या होत्या. मागं सन्मती पांढऱ्या धोतर-उपरण्यात उभा. माझ्याकडं बघून त्यानं हात जोडले... आणि नजर खाली नेली.

"काय रं, आज बोलणार म्हणालास न्हवं?" मी हसून म्हणाले.

काकूंनी माझा हात ओढून मला जवळ बसवलं. "मगळे, आज मौन आहे गं त्याचं. आमचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व संपतं आज. उपवास तर तो दरवर्षी करतो. पण मौन कधी धरलं न्हवतं. यंदा सकाळी बस्तीत, आमच्या देवळात, मुनीमहाराजांसमोर नियम घेऊन आला. उद्या सूर्य उगवेस्तोवर."

"खुणेनं तरी...?"

"न्हाय. खूण न्हाय, लिहून द्यायचं न्हाय. नियम म्हणजे नियम." काकूंनी माझा हात थोपटला. "काल रात्री मौन धरतो म्हणाला, तेव्हा मी विचारलं, का रं बाळा? तर म्हणाला, आई, माझ्या तोंडावर माझा भरवसा न्हाय."

मी त्याच्याकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता.

वखारीत तंबाखू नसली तरी वास होता, गोडसर, घशात बसणारा. लांब कुठंतरी ढोल वाजत होते, भिंतीपलीकडं, जणू दुसऱ्याच मुलखात. त्यानं लॅपटॉप लावून दिला, माझ्यासाठी पाण्याचा पेला भरून ठेवला आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही असा समोर पोत्यावर जाऊन बसला. किल्ल्यांचा जुडगा बाहेर ठेवून आला होता.

पडद्यावर एक पिकल्या केसांच्या बाई आल्या आणि एक दाढीवाले गृहस्थ. पहिला प्रश्न आला, आणि मी चरण धरला.

काय सांगू तुम्हाला! मी बोलले. एकदा कारखान्यात एका भागावर केसाएवढी चीर दिसली होती, सगळे म्हणत होते जाऊ दे, आणि मी आख्खी पेटी थांबवली होती, ती गोष्ट सांगितली. लांब गेले... आणि बरोबर फिरून आले. बाई पुढं झुकून ऐकत होत्या. दाढीवाले हसले. मी मान वर केली तर समोर सन्मतीचे डोळे भरलेले. त्याची बोटं मांडीवर ताल धरायला उचलली होती; त्याच्या ध्यानात आलं, तशी त्यानं मूठ मिटली. तेवढीही खूण त्याला करायची नव्हती.

मग बाईंनी कागद बाजूला ठेवले. त्या म्हणाल्या, "आम्हाला तुम्ही आवडलात. नोव्हेंबरात यायचं आहे. याल ना नक्की?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "देवाची इच्छा असेल तर."

बाईंचा चेहरा बदलला. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग त्या सावकाश म्हणाल्या, "माफ करा. आमच्याकडं आणखी एक उमेदवार आहे, आणि आम्हाला आजच ठरवायचं आहे. तुम्हाला थांबवणारं कुणी आहे का?"

मी पडद्यावरून नजर उचलली. त्याच्याकडं पाहिलं. सरळ. मान हलव. नुसती मान हलव रे... मी सगळं सोडते. तुझ्या आईचा हात धरते, जन्मभर बिनकांद्याचे पोहे करते. एकदाच हल!

तो हलला नाही. डोळे मिटले त्यानं. गालावरून पाणी खाली आलं, तेही त्यानं पुसलं नाही. पुसणं मी 'थांब' असं वाचेन, ही भीती त्याला वाटली असावी. आप्पांच्या पांडुरंगाची शपथ सांगते, एवढं मोठ्यानं माझ्याशी कुणी कधी बोललं नाही.

"नाही," मी बाईंना म्हणाले. "थांबवणारं कुणी नाही. मी येते. उई."

लॅपटॉप मिटला. भिंतीपलीकडं 'पुढच्या वर्षी लवकर या' चालू होतं. मी तिथंच खुर्चीत बसून ओढणीत तोंड घालून रडले. तो उठला, पाण्याचा पेला माझ्या जवळ सरकवला आणि दार उघडून उभा राहिला.

पुढच्या डायलिसिसला आमची गाठ पडली. दशलक्षण झालं की जैन लोक क्षमावाणी करतात. वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल, त्याची हात जोडून क्षमा मागायची. लहानमोठं बघायचं नाही. सन्मती फाटकापासूनच सुरू झाला. भावकूमामांना म्हणाला, "मामा, उत्तम क्षमा. वर्षभर गाडी वाकडी लावली."

"आणि डबा वाजवलास त्याचं काय रं?"

"त्याची पण."

नर्सबाईंची मागितली, टपरीवाल्याची मागितली. मग तो झाडाखाली माझ्यासमोर आला. हात जोडले.

"उत्तम क्षमा, दिपाली."

"कशाची?"

"ठाऊक असून विचारतीस."

"तू एक शब्द बोलला असतास तर मी थांबले असते."

"म्हणून तर," तो म्हणाला.

आम्ही बाकावर बसलो. मध्ये छत्री.

"मला पण बोलावणं आलेलं गं," तो म्हणाला. "पुण्यात शिकत होतो तेव्हा. फ्रान्सातल्या लियाँला. आईनं थांब म्हटलं. बाबा नुकतेच गेले होते, तिची चूक न्हवती. मी थांबलो. मला दुःख न्हाय त्याचं, खरंच न्हाय. पण आई... दर वेळी मशीनवर झोपताना माझा हात धरते आणि म्हणते, मी तुला अडवलं रं बाळा. इतकी वर्षं झाली. तुला मी थांब म्हटलं असतं तर तुझ्यासमोर मी जन्मभर असाच... आणि मी म्हटलं असतंच. त्या दिवशी छत्रीत म्हणालोच असतो. जिभेवर आलेलं."

"प्रेम आहे म्हणून सांगायला एवढं सगळं लागतं?"

"आहे," तो म्हणाला. "आता सांगितलं. मराठीत."

मला हसूही आलं आणि रडूही. "तू चल मग."

त्यानं वरच्या मजल्याकडं पाहिलं, जिथं काकू होत्या. मला पुन्हा विचारावं लागलं नाही.

"क्षमा कर की," तो म्हणाला. "आमच्यात समोरच्यानं 'क्षमा' म्हणायचं असतं. त्याशिवाय पुरं होत न्हाय."

"न्हाय करणार. पुढच्या वर्षी माग."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

नोव्हेंबरात मी गेले. आप्पा, आत्या सांबऱ्याच्या विमानतळावर आले होते. तो आला नाही. तो दिवस काकूंच्या डायलिसिसचा होता.

पुढच्या क्षमावाणीला तुलूझला माझा फोन वाजला. "उत्तम क्षमा." मी म्हणाले, "पुढच्या वर्षी." दोघंही हसलो, आणि मग फोन ठेवायला कुणीच तयार होईना. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. अहो, लोक लग्नाचे वाढदिवस जपतात. मी एक न दिलेली क्षमा जपत होते. ती दिली नाही तोवर तो पुन्हा फोन करणार होता.

यंदा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या फाटकात होते, हातात हेल्मेट.

"उत्तम क्षमा, दिपाली," तो म्हणाला. आणि मी काही म्हणायच्या आत, "आधी ऐक. चिकोडीची श्रद्धा म्हणून आहे, शाळेत शिकवते. आईचं सगळं ठाऊक असून हो म्हणालीय. तुझं पण सांगितलंय तिला मी. पण आई म्हणते, आधी मगळेला विचार."

पहाटेचा पाऊस पडून गेला होता. आमची कामाची पाळी सुरू व्हायची होती, लोक माझ्या दोन्ही बाजूंनी आत जात होते. मला वाटलं, 'पुढच्या वर्षी' म्हणावं. एवढंच म्हटलं असतं तर... तो थांबला असता. मला ठाऊक आहे, तो थांबला असता. जिभेवर आलं होतं माझ्या.

"क्षमा," मी म्हणाले. "केली, सन्मती. सगळी."

पलीकडं तो रडत होता की हसत होता, कळलं नाही. मागून काकूंचा आवाज आला, "काय म्हणाली रं?" आणि फोन बंद झाला. मी आत गेले. दिवसभर काम केलं. एकही भाग चुकीचा सोडला नाही.

झाली कथा. आता एक मागणं आहे तुमच्याकडं. तुम्ही कीर्तनाला जाल, शेवटी बुवा सगळ्यांसाठी पदर पसरतात. पाऊस मागतात, पीक मागतात, लेकराबाळांचं सुख मागतात. तेव्हा माझ्यासाठी काही मागू नका, मला नोकरी आहे, आप्पा आहेत, विठ्ठल आहे. निपाणीच्या एका माणसाचं नाव तेवढं मनात घ्या. सन्मती. तो बस्तीत जातो, आपण देवळात. पण नाव कुणीही घेतलं तरी पोचतं. येत्या माघात त्याचं लग्न आहे. त्याचं चांगलं होऊ दे, म्हणा. मला म्हणताना अजून रडू येतं, म्हणून तुम्हाला सांगते.